मोटारीच्या पोटांतलें पाणी

छत्तीस वर्षें ज्याचे हात खडूनें पांढरे झाले, त्यानें आज मोटारीच्या दुखण्याविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मी यंत्रशास्त्र शिकलेला नाहीं. मॅट्रिक झालों, शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि निवृत्त होईपर्यंत प्राथमिक शाळेंत मुलांना अंकगणित व मराठी शिकविलें. एवढीच माझी विद्या. परंतु २०२४ सालच्या पावसाळ्यांत आमच्या जुन्या मोटारीनें मला एक धडा शिकविला. तो मोटारीपुरताच नसावा असें मला वाटतें. म्हणून आपला थोडा वेळ घेत आहें.

ही मोटार मीं २००४ सालीं घेतली. लहानशी, चार दारांची, पांढऱ्या रंगाची. मुलांचीं शिक्षणें, लग्नकार्यें, आजारपणें, सर्व कांहीं तिनें पाहिलें. आम्ही चिपळूणला राहतों. तेथील पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें सांगावयास नको कीं, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तेथें कोरडी वस्तु शोधून काढावी लागते. त्या वर्षीं जुलै महिन्यांत एके दिवशीं बाजार करून घरीं परततांना रस्त्यांत गाय आडवी आली, म्हणून मीं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण गाडी थांबल्यावरही आंत कांहीं तरी थांबेना. कडेवरची भरलेली घागर हिंदकळावी तसा आवाज झाला. एकदां पुढें, एकदां मागें, आणि मग शांत. आमच्या घरांतील मंडळीनें मागें वळून पाहिलें आणि विचारलें, "अहो, मागें पाण्याची कळशी ठेवली आहे कां?" मागें कळशी नव्हती. भाजीची पिशवी होती आणि दोन छत्र्या होत्या.

एरवीं अशा आवाजाकडे मीं लक्ष दिलें असतें कीं नाहीं, सांगवत नाहीं. वीस वर्षांच्या मोटारीला आवाज नवे नसतात. परंतु त्या वेळची गोष्ट निराळी होती. रात्रीं समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनीं माझे डोळे दिपूं लागले होते. म्हणून गाडी मीं विकावयास काढली होती. घेणारा कोणी परका नव्हता, माझाच एक जुना विद्यार्थी होता. तो घाटावर पाटणच्या बाजूला एका शाळेंत शिक्षक आहे. दर शनिवारीं कुंभार्ली घाट उतरून आईवडिलांकडे यावयाचें आणि रविवारीं सायंकाळीं पुनः घाट चढून जावयाचें. बरोबर पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. त्यासाठीं त्याला गाडी हवी होती. जूनच्या अखेरीस त्यानें ती फिरवून पाहिली, किंमत ठरली, आणि पांच हजार रुपये विसार म्हणून त्यानें माझ्या हातांत ठेवले. जुलैच्या शेवटच्या रविवारीं बाकीची रक्कम द्यावयाची आणि गाडी न्यावयाची, असें ठरलें.

आवाज आला त्याच्या दुसऱ्या दिवशीं मी गाडी घेऊन एका गॅरेजमध्यें गेलों. तेथील तरुण कारागिरानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि तो म्हणाला, "गुरुजी, जुन्या गाडीला आवाज असायचाच. विकायचीच आहे ना? मग कशाला खोलताय? रेडिओ जरा मोठ्यानें लावा."

नभोवाणीच्याच ध्वनिक्षेपकापुढें बसून हें सांगतांना मला थोडा संकोच वाटतो. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. तो सल्ला त्या क्षणीं मला फार आवडला. मीं मनाशीं हिशेब केला. आवाज गाडी चालण्याच्या आड येत नव्हता. घेणाऱ्यानें गाडी स्वतः चालवून पाहिली होती. त्यानें कांहीं विचारलें नव्हतें. जें विचारलें नाहीं तें सांगितलें नाहीं, तर तें असत्य कसें? खोटें बोलूं नये म्हणून छत्तीस वर्षें मुलांना सांगणाऱ्या माणसाला ही पळवाट किती लवकर सांपडली, याचें मला आजही आश्चर्य वाटतें. रात्रीं मात्र झोप येईना. त्या घाटाचीं वळणें डोळ्यांपुढें येऊं लागलीं, आणि मागच्या आसनावर बसलेली ती मुलगी.

सकाळीं उठून मीं एक कोरी वही घेतली. वर्गांत एखादें मूल गणितांत वारंवार चुकूं लागलें, म्हणजे काय चुकलें एवढें पाहून भागत नाहीं. तें केव्हां चुकतें हें पाहावें लागतें. हातचा घेतांना चुकतें, कीं पाढा म्हणतांना? तीच रीत येथें चालवावी असें मीं ठरविलें. वहींत चार रकाने आंखले. गाडी काय करीत होती. इंजिन चालू होतें कीं बंद. आवाज कोणत्या बाजूनें आला. आणि आदल्या रात्रीं पाऊस होता कीं नव्हता. शेवटीं शेऱ्यासाठीं थोडी जागा ठेवली.

नाद ऐकून रोग ओळखण्याची विद्या फार जुनी आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या परंपरेंतील ग्रंथांत अशी रीत सांगितलेली आहे कीं, छातींत पाणी झालेल्या रोग्याचे खांदे धरून त्याला हलवावें आणि आंतील आवाज ऐकावा. पुढें १७६१ सालीं औएनब्रुगर नांवाच्या ऑस्ट्रियन वैद्यानें, छातीवर बोटांनीं ठोकून आंत हवा आहे कीं पाणी आहे हें ओळखण्याची युक्ति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तो एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपांत मद्य किती उरलें आहे हें ठोकून पाहण्याची रीत त्यानें लहानपणीं घरींच पाहिली होती, असें सांगतात. मोटार म्हणजे तरी काय, पत्र्याचें एक मोठें पिंपच. ठोकणें, हलविणें आणि ऐकणें, या तीन गोष्टींना पैसा पडत नाहीं.

पांच दिवसांत वहींत सतरा नोंदी झाल्या. त्यांपैकीं चौदा नोंदी एकच गोष्ट सांगत होत्या. ब्रेक दाबला, गाडी एकदम सुरू झाली किंवा तिनें वळण घेतलें, कीं आवाज येई. सरळ रस्त्यावर एका वेगानें चालली, कीं तो बंद होई. हा जडत्वाचा नियम आहे, आणि एस्. टी.मध्यें उभ्यानें प्रवास करणाऱ्या प्रत्येकानें तो अंगानें अनुभवलेला आहे. गाडी थांबते तेव्हां आपण पुढें जातों. तसेंच पाणीही जातें. मग मीं इंजिन बंद ठेवून शेजारच्या दोन मुलांकडून गाडी अंगणांत पुढेंमागें ढकलून घेतली. तरीही आवाज आला. म्हणजे या पाण्याचा इंजिनाच्या चालण्याशीं संबंध नव्हता. तें गाडीच्या अंगांत कोठें तरी मोकळें सांचलेलें होतें.

आतां मोटारीच्या अंगांत पाणी सांचावें अशा जागा तरी किती? मीं एकेक जागा घेऊन ती वगळीत गेलों.

पहिला संशय पेट्रोलच्या टाकीवर. टाकी अर्धी रिकामी असली म्हणजे ब्रेक दाबतांच आंतील पेट्रोल हिंदकळतें. तें फार हिंदकळूं नये म्हणून टाकींत आडव्या पट्ट्या घालण्याची पद्धत आहे. तरी थोडा आवाज होतोच, आणि तो दोष नव्हे. याची परीक्षा सोपी. टाकी पूर्ण भरावी. भरलेलें भांडें हिंदकळत नाहीं. मीं टाकी भरून घेतली. आवाज होता तसाच राहिला.

दुसरी जागा डिकींतील जादा चाकाचा खड्डा. मागच्या दिव्यांभोंवतींचीं रबरें किंवा डिकीच्या झांकणाची पट्टी जीर्ण झाली, कीं पाणी झिरपून याच खड्ड्यांत उतरतें आणि वरच्या सतरंजीमुळें तें कोणाला दिसत नाहीं. मीं चाक काढून हात घातला. खड्डा कोरडा होता.

तिसरी जागा गाडी थंड करणाऱ्या यंत्राची. ए. सी. चालू असला म्हणजे हवेंतील बाष्प त्याच्या थंड नळ्यांवर जमून त्याचें पाणी होतें आणि एका बारीक नळीनें तें गाडीखालीं गळतें. ती नळी बुजली, कीं पाणी डॅशबोर्डच्या आंत सांचतें, वळणावर हिंदकळतें आणि शेवटीं पुढें बसणाऱ्याच्या पायांवर टपकूं लागतें. पावसाळी हवेंत ए. सी. लावून दहा मिनिटांनीं गाडीखालीं पाहावें. पाणी ठिबकत असेल तर नळी मोकळी आहे. आमच्या गाडीखालीं चांगलें थारोळें झालें होतें.

चौथी जागा पुढच्या काचेच्या खालीं, पाणी पुसणाऱ्या वायपरांपाशीं. तेथें एक पन्हळ असते. झाडाखालीं गाडी उभी करणाऱ्यांनीं ती वर्षांतून एकदां तरी पाहावी. आमच्या दारांत आंबा आहे. पन्हळींतून ओंजळभर कुजलेलीं पानें निघालीं. पण तांब्याभर पाणी ओतून पाहिलें, तें दोन्ही बाजूंनीं सरळ खालीं गेलें.

उरलीं दारें. ऐकून आश्चर्य वाटेल, पण मोटारीच्या दारांत पावसाचें पाणी शिरतें तें शिरणार असें धरूनच दार बनविलेलें असतें. काच वरखालीं होते. तिच्या कडेची रबरी पट्टी बरेंचसें पाणी अडविते, परंतु सगळें अडवूं शकत नाहीं. म्हणून दाराच्या खालच्या कडेला दोनतीन लहान भोंकें ठेवलेलीं असतात. वरून आलेलें पाणी खालून निघून जावें, ही योजना. मीं एकेक दार उघडून झोपाळ्यासारखें हलविलें. उजवीकडचीं दोन्ही दारें मुकीं. डावीकडचें पुढचें मुकें. डावीकडचें मागचें दार हलवितांच आंत घागर डचमळली! बोटांनीं ठोकून पाहिलें; वरच्या भागांत पोकळ नाद, आणि खालीं चार बोटें उंचीपर्यंत बद्द. औएनब्रुगरचें स्मरण झालें.

बांबूची एक बोथट काडी तासून मीं भोंकांत घातली. लोखंडी तार घालूं नये; रंग खरवडला जातो आणि तेथूनच गंज धरतो. पहिल्या भोंकांतून तांबूस गाळाचा गोळा निघाला आणि मागोमाग पाण्याची धार लागली. खालीं ठेवलेल्या पातेल्यांत मोजून चार तांबे पाणी जमलें.

हा गाळ कोठला, हें मला विचारावें लागलें नाहीं. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणचा माणूस विसरणें शक्य नाहीं. त्या दिवशीं आमची गाडी आम्ही उंचावर नेऊन ठेवली होती. परंतु ती चढावर उभी होती, आणि तिचा मागचा डावा कोपरा सर्वांत खालीं होता. पाणी त्या कोपऱ्यापर्यंत चढलें आणि उतरलें. गाडी वांचली म्हणून आम्ही देवापुढें नारळ फोडला. पूर ओसरला, त्याचा गाळ मात्र दारांत बसून राहिला. एखादें भोंक अर्धवट उघडें राहिलें असावें, त्यांतून तीन वर्षें पाणी कसेंबसें झिरपत होतें. शेवटीं तेंही बुजलें. दाराची खालची कड आंतून गंजूं लागली होती. आणखी दोन पावसाळे गेले असते तर पत्रा हातांत आला असता.

मला अतिशय आनंद झाला. एखादें अवघड उदाहरण सुटल्यावर विद्यार्थ्याच्या तोंडावर जें हसूं दिसतें तें त्या दिवशीं माझ्या तोंडावर होतें, असें आमची मंडळी म्हणते. दार धुतलें, वाळविलें, वही मिटली. विद्यार्थ्याला दूरध्वनि केला नाहीं. आतां सांगावयासारखें राहिलेंच काय?

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मीं अंगणांत गाडी सुरू केली. ती जागची हललीही नव्हती. इंजिन लागलें, आणि डॅशबोर्डच्या आंतून, डाव्या हाताकडून, सुरईंतून पेल्यांत पाणी ओतावें तसा आवाज आला. मंडळी शेजारीं बसली होती. ती म्हणाली, "पुनः आलें हो तुमचें पाणी!"

मी गाडी बंद करून घरांत गेलों आणि वही उघडली. सतरा नोंदींपैकीं चौदा मीं वाचल्या होत्या. उरलेल्या तीन माझ्याच अक्षरांत तेथें होत्या. "गाडी उभी. इंजिन नुकतेंच सुरू. आवाज पुढून." दुसरीही तशीच. तिसरी, "गाडी उभी. ॲक्सिलरेटर दाबला. आवाज पुढून." या तीन नोंदी चौदांशीं जुळत नव्हत्या, म्हणून मीं त्यांना माझ्या ऐकण्यांतली चूक समजून सोडून दिलें होतें. आणि शेऱ्याच्या जागीं मीं सतराही ठिकाणीं एकच शब्द लिहिला होता: "पाण्याचा आवाज".

मराठी शिकविणाऱ्याची ही चूक! पाण्याच्या आवाजाला आपल्या भाषेनें किती निरनिराळे शब्द दिले आहेत. घागर डचमळते, ओढा खळखळतो, आणि रिकामें मडकें पाण्यांत आडवें धरलें कीं तें बुडबुडतें. चौदा वेळां आलेला आवाज डचमळण्याचा होता. तीन वेळां आलेला बुडबुडण्याचा. डचमळ म्हणजे मोकळें पाणी भांड्यांत हलणें. बुडबुड म्हणजे पाण्याच्या वाटेंत हवा शिरणें. दोहोंना मीं एकच नांव दिलें, म्हणून कारणही एकच शोधलें. आणि एक कारण सांपडतांच शोध थांबविला.

मोटारींत पाण्याची वाट कोणती, हें थोडक्यांत सांगतों. इंजिनांत पेट्रोल जळून फार उष्णता उत्पन्न होते. ती वाहून नेण्यासाठीं इंजिनाच्या भिंतींतून पाणी फिरविलेलें असतें. नुसतें पाणी नव्हे. गंज धरूं नये आणि उकळी लवकर येऊं नये म्हणून त्यांत कूलंट मिसळलेलें असतें. एक लहान पंप तें फिरवितो आणि पुढच्या रेडिएटरमध्यें तें निवतें. या वाटेवर घट्ट झांकण बसवून आंत दाब ठेवितात. त्या दाबाखालीं साधें पाणीसुद्धां शंभर अंशांवर न उकळतां सुमारें एकशें वीस अंशांपर्यंत टिकाव धरतें. याच वाटेचा एक फांटा डॅशबोर्डच्या आंत, गाडी गरम करणाऱ्या यंत्रांत जातो. कोंकणांत तें यंत्र कोणी लावीत नाहीं. परंतु आमच्या गाडींत त्याच्या नळ्यांतून पाणी सदैव फिरत असतें. हा फांटा उंचावर असतो. हवा हलकी, वाटेंत हवा शिरली कीं ती तेथें जाऊन बसते, आणि इंजिन सुरू होतांच पाणी तिला ढकलूं लागतें. तोच तो सुरईचा आवाज.

पण हवा शिरली कोठून? कोठें तरी गळती असेल. अथवा पाणी भरतांना आंतील हवा नीट काढलेली नसेल. अथवा, आणि हें सर्वांत वाईट, इंजिनाच्या माथ्याखालचें हेड गॅस्केट फुटून जळालेला वायु पाण्यांत शिरत असेल.

माझ्या मनांत एक शंका होती, ती मीं एका वृद्ध मिस्त्रीपुढें मांडली. गाडी तापल्याचा काटा कधींच वर गेला नव्हता, आणि पाण्याची बाटली मी दर आठवड्यास पाहत होतों. ती खुणेपर्यंत भरलेली असे. मिस्त्री हंसले. म्हणाले, "गुरुजी, काटा पाण्यांत बुडालेला असेल तर पाण्याची गोष्ट सांगणार. पाणीच खालीं गेलं, तर तो वाफेंत उभा राहून काय सांगणार?" ज्या साधनावरून तो काटा हलतो, त्याला पाणी लागलें नाहीं तर तो चुकीचा आंकडा दाखवूं शकतो. मी काट्याच्या शांततेवर विसंबलों होतों.

मिस्त्रींनीं झांकणाला हात लावला नाहीं. "पूर्ण थंड होऊं दे. चहा घ्या." दीड तास आम्ही बसलों. श्रोतेहो, एवढें लक्षांत ठेवा: तापलेल्या गाडीचें हें झांकण कधीं उघडूं नका. दाब सुटतांच आंतील पाणी उसळतें आणि तोंड भाजतें. आणि आंतील द्रव जिभेवर लावून पाहण्याची जुनी खोड कोणास असेल तर ती सोडा. कूलंटमध्यें बहुधा एथिलीन ग्लायकोल असतें, तें चवीला गोड आणि पोटांत गेल्यास विषारी आहे.

झांकण उघडलें, तों आंत पाणी दिसेना. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिता! झांकणाचें रबर कडक झालें होतें. त्यामुळें गाडी निवतांना बाटलींतलें पाणी आंत ओढलें जात नव्हतें. एक लिटरहून अधिक पाणी कमी होतें.

मग मिस्त्रींनीं तीन परीक्षा केल्या. तेल भरण्याच्या झांकणाखालीं पाहिलें. तेलांत पाणी मिसळलें म्हणजे तेथें ताकासारखा पांढरा साका जमतो, तो नव्हता. पाणी भरून इंजिन चालविलें आणि वर सांचलेली हवा एका निळ्या द्रवांतून ओढली. तींत जळालेला वायु असता तर द्रव पिवळा झाला असता. तो निळाच राहिला. हेड गॅस्केट शाबूत होतें. शेवटीं इंजिन बंद करून झांकणाच्या जागीं हातपंप बसवून आंत दाब दिला आणि आम्ही दोघे काटा पाहत बसलों. काटा हळूहळू उतरूं लागला. मिस्त्रींनीं विजेरी धरली. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोंकाशीं एक थेंब जमत होता आणि त्याच्या भोंवतीं वाळलेल्या कूलंटचा पांढुरका डाग होता. गळती इतकी बारीक कीं, तापलेल्या इंजिनावर थेंब वाळून जाई. जमिनीवर कधीं डाग पडला नाहीं.

पंप बदलला, झांकण बदललें. गाडीचें तोंड चढावर करून, गरम हवेची कळ पूर्ण उघडी ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवून आंतील हवा काढली. विसाराच्या रकमेंतले बरेच रुपये त्यांत गेले. जातांना मिस्त्री म्हणाले, "गांवांतल्या गांवांत वर्षभर चालली असती. कुंभार्लीनं मात्र एका फेरींत निकाल लावला असता." भरलेली गाडी, खालचा गिअर, लांबच लांब चढ, आणि आंत पाणी अपुरें, इंजिनाचा माथा तापून वांकडा झाला असता, आणि गाडी पावसांत, धुक्यांत, एखाद्या वळणावर उभी राहिली असती. काटा तोंपर्यंत शांतच असता.

ठरलेल्या रविवारीं विद्यार्थी आला. मीं किल्लीच्या आधीं त्याच्या हातांत वही दिली. दाराचें सांगितलें, गंज दाखविला, पंपाचें सांगितलें. किंमत कमी कर म्हणालों. गाडी घेऊं नयेस असें वाटलें तर विसार परत नेण्यास संकोच करूं नकोस असेंही म्हणालों. त्यानें वही वाचली. मग तो खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, हा दुसरा आवाज मीं जूनमध्येंच ऐकला होता."

मी चकित झालों. "अरे, मग विचारलें कां नाहींस?"

"आपण गुरुजी. आपल्या गाडीला आवाज येतो, असें आपल्याला कसें विचारूं?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मी सांगावयाचें टाळीत होतों, आणि तो विचारावयाचें टाळीत होता. मधल्यामध्यें ती लहान मुलगी त्या गाडींत बसणार होती. वर्गांत मी धडा संपला कीं "समजलें कां?" असें विचारीत असें आणि सारी मुलें एका सुरांत "हो, गुरुजी" म्हणत असत. त्या "हो"मध्यें किती बुडबुडे दडलेले होते, कोण जाणे.

त्यानें गाडी नेली. किंमत आम्ही दोघांनीं मिळून पुनः ठरविली. त्या संध्याकाळीं पोफळीपाशीं, घाट चढण्यापूर्वीं, त्यानें गाडी थांबविली, मला दूरध्वनि केला आणि तो इंजिनापाशीं धरला. मीं कान देऊन ऐकलें. पाऊस ऐकूं आला, इंजिन ऐकूं आलें. पाण्याचा दुसरा आवाज नव्हता.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना जातां जातां एवढेंच सांगतों. आवाज आला तर प्रथम पाहा कीं, तो गाडी हलल्यानें येतो कीं इंजिन चालल्यानें. हलल्यानें येत असेल तर टाकी, डिकी, ए. सी.ची नळी, काचेखालची पन्हळ आणि दारांचीं भोंकें या क्रमानें पाहा. हें काम आपल्या हातचें आहे. इंजिन चालल्यानें, उभ्या गाडींत येत असेल तर थंड इंजिनांत रेडिएटरचें पाणी पाहा, आणि तें कमी असेल तर नुसतें भरून स्वस्थ बसूं नका. गेलें कोठें हें शोधवा. एक दोष सांपडला म्हणजे दुसरा नाहीं असें समजूं नका. आणि गाडी विकतांना घेणाऱ्यानें विचारण्याची वाट पाहूं नका. तो कदाचित् आपला विद्यार्थी असेल.